उघड्या डोंगरावर झाडे लावण्याआधी...
असेन्शन बेटावरच्या एका बोटभर नेच्याची हकीगत

एप्रिल उजाडला की पंचायत समितीत लागवडीच्या उद्दिष्टांचे कागद फिरू लागतात. अमुक गावाला इतके खड्डे, तमुक गावाला इतकी रोपे. २०१९ साली तर सबंध राज्याचे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. त्या वर्षी खड्ड्यांना जागा शोधताना सरपंच मंडळींची आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांची (आता त्यांच्या हुद्द्याचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणते) काय धावपळ झाली, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. गावात जागा नाही म्हटले की नजर जाते वरच्या अंगाला. सडा, पठार, कातळ. "तिथं काय आहे? नुसता दगड. लावा तिथंच झाडं," असे म्हणून विषय मिटतो.

"तिथं काय आहे?" हा प्रश्न एका डोंगरावर नीट विचारलाच गेला नाही, आणि त्याचे पुरते उत्तर मिळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. तो डोंगर आपल्या सह्याद्रीत नाही, फार दूर आहे. पण तिथे जे घडले ते झाडे लावणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे असे आहे, म्हणून आज पीक-पाण्याचा विषय बाजूला ठेवून ही हकीगत सांगतो.

राखेचे बेट

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या मधोमध, अटलांटिक महासागरात, विषुववृत्ताच्या खाली आठ अंशांवर असेन्शन नावाचे एक बेट आहे. इंग्रजांच्या ताब्यातले. आकार सुमारे ८८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या पंधरा-वीस गावांच्या शिवाराएवढा. ज्वालामुखीतून वर आलेले हे बेट भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने अगदी तरुण, जेमतेम दहा लाख वर्षांचे. सगळीकडे लाव्हाचा काळा-तांबडा दगड आणि राख. पाऊस अत्यंत कमी. मधोमध मात्र ८५९ मीटर उंचीचा एक डोंगर उभा आहे आणि समुद्रावरून येणारे ओले वारे त्यावर आपटून माथ्यावर ढग बसून राहतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात धुके पानांवर जमते आणि आभाळ कोरडे असतानाही झाडाखाली टपटप पाणी गळते, तसाच हा प्रकार. उष्ण कटिबंधात अशा सदा ढगात राहणाऱ्या डोंगरमाथ्यांवर जे रान वाढते त्याला मेघवन म्हणतात. नेच्यांचे आणि शेवाळांचे ते माहेरघर.

पोर्तुगीज खलाशांना हे बेट १५०१ साली दिसले. जाता-येता ताजे मटण मिळावे म्हणून त्यांनी तिथे शेळ्या सोडून दिल्या. राखण नाही, वाघ-लांडगा नाही, अशा ठिकाणी शेळी काय करते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढे १८१५ साली नेपोलियनला शेजारच्या सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवले (शेजारच्या म्हणजे तेराशे किलोमीटरवरच्या!) आणि फ्रेंच जहाजे त्याला सोडवायला येतील या धास्तीने इंग्रजांनी असेन्शनवर शिबंदी बसवली. शिबंदी आली की पाणी लागते, भाजीपाला लागतो. डोंगराच्या वरच्या अंगाला शेतीवाडी सुरू झाली, पण पाण्याची ओरड कायम राहिली. १८३६ साली डार्विन साहेब तिथे उतरले तेव्हा बेटाचे उघडेपण त्यांच्याही डोळ्यांत भरले होते.

१८४३ साली जोसेफ हूकर नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवाकडच्या सफरीवरून परतताना असेन्शनवर थांबला. हे नाव आपल्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या तोंडी आजही असते, कारण ब्रिटिश हिंदुस्थानातील वनस्पतींचा सात खंडांचा कोश पुढे याच हूकरने सिद्ध केला. वडील लंडनजवळच्या क्यू येथील सरकारी वनस्पतिउद्यानाचे संचालक. हूकरने आरमाराला सल्ला दिला तो असा: डोंगराच्या माथ्यावर झाडे लावा म्हणजे ती ढगातले पाणी ओढतील, उतारावर झुडपे लावा म्हणजे माती धरून राहील, खाली कोरड्यात तग धरणाऱ्या जाती लावा. आज पाणलोट क्षेत्राचा आराखडा करताना आपण याहून वेगळे काय लिहितो? माथा ते पायथा, तंतोतंत तेच.

१८५० पासून जहाजांनी रोपे आणि बियाणे येऊ लागले. क्यूहून, आणखी कुठकुठल्या बागांतून. निलगिरी, बांबू, केळी, नॉरफोक बेटावरचा सूचिपर्णी वृक्ष, आले-हळदीच्या कुळातल्या शोभेच्या जाती, पेरू. पंचवीस-तीस वर्षांत डोंगर हिरवा झाला. आज माथ्यावर बांबूचे दाट बन आहे, त्यात एक छोटे तळे आहे आणि खाली चिखल होईल इतकी ओल असते. बेटावर बाहेरून आलेल्या वनस्पतींची संख्या दोनशेच्या वर गेली. माणसाने आपल्या हाताने उभे केलेले मेघवन म्हणून जगभरचे अभ्यासक ते पाहायला जातात, आणि काहींना तर ते मोठे नवल वाटते. लागवड यशस्वी झाली हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपल्याकडच्या कित्येक लागवडींची पुढच्या मार्चमध्ये काय अवस्था असते ते पाहता, फारच यशस्वी झाली म्हणायची.

पण डोंगर उघडा नव्हता

आता मुद्द्याची गोष्ट. हूकर जेव्हा वर चढला तेव्हा माथ्यावर झाडे नव्हती हे खरे, परंतु नेच्यांचा आणि शेवाळाचा गालिचा होता. जमिनीपासून इतक्या दूर समुद्रात फळाचे बी पोहोचणे अवघड. नेच्याचे तसे नाही. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पान उलटे करून पाहा, मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतील. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. पिशवी फुटली की पिठासारखी भुकटी उडते आणि वाऱ्यावर शेकडो मैल जाते. अशी भुकटी लाखो वर्षांत केव्हातरी या राखेच्या डोंगरावर पडली, रुजली, आणि एकटी पडल्यामुळे हळूहळू वेगळी होत गेली. या बेटाखेरीज जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत अशा दहा जाती तिथे तयार झाल्या. त्यांपैकी सहा नेचे. बाकी गवते आणि एक-दोन लहान झुडपे. दिसायला भपका काहीच नाही.

त्या सहा नेच्यांतला एक लहानसा नेचा म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ ॲनोग्रामा असेन्शनिस म्हणतात तो. बोटभर उंचीचा, पिवळसर हिरवा, कोथिंबिरीसारख्या बारीक कातरलेल्या पानांचा. इंग्रजीत त्याला नाव पडले ते असेच कोथिंबिरीच्या नात्यातल्या एका पालेभाजीवरून. राहतो कुठे? ओलसर, उघड्या कातळाच्या भेगांत, जिथे दुसरे काही वाढत नाही तिथे. हेच त्याचे बळ आणि हेच त्याचे दुखणे. मोठ्या झाडाशी किंवा जोरकस गवताशी भांडण्याची ताकद त्याच्यात नाही.

नेच्याचे जीवनचक्र थोडे समजून घेतले पाहिजे, नाहीतर हा कशाने मेला ते कळणार नाही. बीजाणू ओल्या दगडावर पडला की त्यातून सरळ नेचा उगवत नाही. आधी हिरवी, नखाहूनही लहान, पातळ पापुद्र्यासारखी एक अवस्था येते. नर आणि मादी पेशी या पापुद्र्यावर तयार होतात आणि नर पेशी पाण्याच्या थरातून अक्षरशः पोहत मादी पेशीपर्यंत जाते. तेवढे पाणी त्या वेळी तिथे असले पाहिजे. मग नेच्याचे रोप वर येते. म्हणजे या जिवाला ओल हवी, उघडी जागाही हवी आणि त्या नाजूक पापुद्र्यावर दुसऱ्या कोणी पसरता कामा नये. तीन अटी. डोंगरावर बाहेरचे रान माजले तेव्हा ओल राहिली, उघडी जागा गेली. विशेषतः आपल्या औषधी हंसराजच्या कुळातला एक परका नेचा कातळाच्या भेगाभेगांत शिरला आणि त्याने ह्याची जागा खाल्ली. जिथे तण पोहोचले नाही तिथे शेळ्या, मेंढ्या पोहोचल्या.

हूकरला हे कळत नव्हते का? कळत होते. माथ्यावरच्या स्थानिक वनस्पतींना, त्यातही तिथल्या नेच्यांना ही लागवड मारक ठरेल अशी भीती त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. मला या सगळ्या हकीगतीत हीच बाब सर्वांत जास्त खटकते. अज्ञानातून झाले असते तर गोष्ट निराळी. इथे जाणकार माणसाला किंमत ठाऊक होती, पाण्याची गरजही खरी होती, आणि त्या दोहोंचा हिशेब एका कागदावर मांडून, निदान एखादा उतार राखून ठेवू या, असे कोणी म्हटले नाही. राखून ठेवणे तेव्हा फुकटात झाले असते.

हा छोटा नेचा १९५८ साली शेवटचा दिसला. नंतर शोध घेतले गेले, काही मिळाले नाही. २००३ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद नामशेष म्हणून झाली. दहांपैकी दुसऱ्या तीन जातीही संपल्याच आहेत, त्यांत एक नेचा आहे.

दोरीला धरून पाणी घालणारे

जुलै २००९ मध्ये बेटाचे संवर्धन अधिकारी स्टेडसन स्ट्राउड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फिल लॅम्डन हे दोघे डोंगराच्या दक्षिणेकडच्या कड्यावर पाहणी करत होते. उभा उतार, पाय ठेवायला धड जागा नाही. तिथे उघड्या कातळावर त्यांना एक इवलेसे रोप दिसले. जवळपास आणखी तीन. एकूण चार. साऱ्या जगात मिळून चार! नामशेष म्हणून नोंद झालेला नेचा हाच.

चार रोपे कड्यावर, भोवती तण, आणि सुकायला एक कोरडा आठवडा पुरे. मग बेटावरच्या माणसांनी काय केले? आपण नवीन लावलेल्या आंब्याच्या कलमाला पहिल्या उन्हाळ्यात जे करतो तेच. त्या कड्यावरून उतरून ती पाणी घालत राहिली, भोवतीचे तण हाताने काढत राहिली, आणि पानामागे बीजाणू धरेपर्यंत रोपे जगवली. बीजाणू धरल्यावर पानाचे तुकडे निर्जंतुक डबीत बंद करून विमानाने एका दिवसाच्या आत क्यूच्या प्रयोगशाळेत पोहोचवले. तिथे डॉ. विश्वंभरन सारसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काचेच्या भांड्यात, पोषकद्रव्ये घातलेल्या खळीवर रुजवले. आपल्याकडे ग्रँड नैन केळीची टिश्यू कल्चर रोपे ज्या तंत्राने होतात त्याच घराण्यातले हे तंत्र. २०१० च्या मध्यापर्यंत साठ रोपे तयार झाली. बेटावरही सावलीगृहात रोपे वाढवली गेली, कड्यांवर आणखी शोध घेतल्यावर थोडी रोपे निसर्गातही सापडली. आज हा नेचा नामशेष नाही, अत्यंत धोक्यात या वर्गात आहे. डोंगराला २००५ पासूनच राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे.

रोपे काचेत वाढवणे त्या मानाने सोपे गेले. अवघड आहे ते त्यांना परत कातळावर नेऊन सोडणे, कारण ज्या तणाने जागा खाल्ली ते तण आहे तिथेच आहे. कड्यावरचे तण कायम काढत राहायचे म्हणजे माणूस कायमचा बांधला गेला. शेतातली हरळी काढणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग ते जंगल तोडून टाकावे काय? नाही. त्याच बेटावरचा दुसरा एक इवला स्थानिक नेचा आता त्या परक्या झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर वाढतो. झाडे तोडली तर तो जाईल. म्हणजे एकाचे घर मोडले आणि दुसऱ्याला त्याच जंगलाने आसरा दिला. निसर्गाचा जमाखर्च असा गुंतागुंतीचा असतो. एकदा उद्योग करून बसले की मागे फिरायची वाट सरळ राहत नाही, तिथल्या अधिकाऱ्यांना आता तुकड्या-तुकड्याने निर्णय घ्यावे लागतात.

खालच्या कोरड्या भागात तर वेगळेच झाले. १९६० नंतरच्या काळात वसाहतीची बांधकामे झाली, तेव्हा आणलेली वेडी बाभूळ बेटभर पसरली. होय, तीच वेडी बाभूळ, माण-खटावच्या ओढ्यानाल्यांत आणि पडीक रानांत जिने आपल्याला जेरीस आणले आहे ती. शेंगा गाढवे आणि मेंढ्या खातात, बी त्यांच्या शेणा-लेंड्यांतून जाते, पुढचे आपल्याला पाठ आहे. आपली साळुंकीही एकोणिसाव्या शतकात किडी खाईल म्हणून तिथे नेऊन सोडलेली आहे. ती किडी किती खाते कोण जाणे, फळे खाऊन परक्या झुडपांचे बी मात्र इमानाने पेरते.

आपला सडा

आता आपल्याकडे येऊ. पाटण, जावळी, महाबळेश्वर, सातारा या तालुक्यांच्या पश्चिमेला जांभ्या दगडाचे सडे आहेत. मे महिन्यात ते पाहिले तर असेन्शनसारखेच वाटतील, काळे, भाजलेले, झाडाचे नाव नाही. माती म्हणाल तर कुठे बोटभर, कुठे वीतभर. पण पाऊस पडून गेल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे काय उगवते ते कास पठाराने जगाला दाखवले, आणि २०१२ साली ते पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात गेले. वायतुरा घ्या. पाणथळ खळग्यात वाढणारी, दोन शेंड्यांच्या तुऱ्याची ही वनस्पती शास्त्रीय नावातच सातारा घेऊन मिरवते. सीतेची आसवे, गेंद, कंदीलपुष्पाच्या जाती, कातळाच्या कडेचे नेचे, हे सगळे उघड्या जागेचे रहिवासी. त्यांना सावली नको आहे. झाड नाही म्हणून ते तिथे आहेत.

अशा सड्यावर लागवड कशी होते ते आपण जाणता. जांभ्यात खड्डा फुटत नाही म्हणून यंत्राने फोडायचा, खालून ट्रॅक्टरने माती आणून भरायची, त्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर गिरिपुष्प लावायचे. त्या मातीबरोबर गाजर गवताचे आणि इतर दहा तणांचे बी फुकट वर चढते. रोप मेले तर निधी वाया गेला, आणि रोप जगले तर खालचे सगळे गेले. दोन्हीकडून तोटा, आणि कागदावर मात्र टक्केवारी चांगली. हे मी खात्यात राहूनच लिहीत आहे, कारण उद्दिष्टाचा कागद वरून येतो, पण जागा गाव सुचवते. जागेच्या बाबतीत गावाचा शब्द चालतो.

झाडांना विरोध नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. ज्या टेकडीवर पूर्वी रान होते आणि कुऱ्हाडीने गेले तिथे आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन जरूर लावा. सडा मात्र कुऱ्हाडीने उघडा झालेला नाही. तो तसाच आहे, आपल्या आज्या-पणज्यांच्या आधीपासून. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारा, तिथे कधी झाड होते का.

प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या गावची ती वही कुठल्या कपाटात आहे, ते आधी पाहा. बऱ्याच वह्या घाईत भरल्या गेल्या. शेजारच्या गावाची यादी उतरवून काढलेल्याही आहेत, हे कोणी नाकारणार नाही. तीत सड्यासाठी चार पाने नव्याने घाला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा गुराखी, शाळेचे गुरुजी आणि जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे एखादे प्राध्यापक यांना घेऊन वर चढा. दोन तास पुरतात. नाव कळले नाही तरी चालेल, फोटो, जागा आणि तारीख लिहून ठेवा, नाव नंतर सांगणारा मिळतो. झाड उपटून मात्र आणू नका.

रोपांसाठी जागा हवीच असेल तर बांध, ओढ्याकाठ, शाळेचे आवार, स्मशानभूमीची कडा, शिवरस्त्यांच्या बाजू यांची यादी करा. उद्दिष्ट त्यातही बसते. यादी आणि सडा वगळल्याचा ठराव १ मेच्या ग्रामसभेतच घ्या. जूनवर टाकलात तर खड्डे आधी पडतात आणि ठराव मागाहून होतो.